जुने टर्नटेबल: सुधारत जावे की बदलावे?

जुनी तबकडी

माझ्याकडे १९७०च्या दशकातले एक टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र, आहे. ते पट्ट्यावर चालते, त्याची मोटर सिंक्रोनस आहे, आतली चौकट तीन स्प्रिंगांवर तोललेली आहे आणि रेकॉर्डची बाजू संपली की टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आपोआप उचलला जातो. ३३⅓, ४५ आणि ७८ अशा तिन्ही गती त्यात आहेत. कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा, टोनआर्मच्या टोकाचा भाग) मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचे आहे, मात्र त्याची सुई किती वापरली गेली आहे हे सांगणे कठीण आहे, कारण यंत्र माझ्याकडे येण्यापूर्वी ते दुसऱ्याच्या वापरात होते.

अलीकडे चार गोष्टी खटकू लागल्या आहेत. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात. लांबवलेला स्वर, विशेषतः पियानोचा किंवा तानपुऱ्याचा, किंचित हेलकावतो. डावा चॅनेल अधूनमधून गप्प होतो आणि हेडशेलला (कार्ट्रिज ज्यावर बसते त्या तुकड्याला) बोट लावले की परत येतो. शिवाय हेडफोन लावून ऐकले तर दोन गाण्यांमधल्या शांततेत खोल घरघर जाणवते.

आता दोन मार्ग दिसतात. एक म्हणजे याच यंत्रावर चांगले कार्ट्रिज, नवा टोनआर्म आणि मोटरसाठी स्वतंत्र वीजपुरवठा बसवणे. दुसरा म्हणजे साधारण तेवढ्याच खर्चात मधल्या श्रेणीतले नवे टर्नटेबल घेणे. यंत्राविषयी मला जिव्हाळा आहे, पण केवळ त्यावर निर्णय सोपवण्याची इच्छा नाही. हे कोणत्या कसोटीवर ठरवावे?

मंद्र

आपण सांगितलेल्या चार तक्रारींची कारणे चार वेगवेगळी असू शकतात आणि त्यांपैकी निदान एक तक्रार नव्या टर्नटेबलबरोबरही जशीच्या तशी येईल. म्हणून ‘सुधारावे की बदलावे’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून प्रत्येक तक्रारीचा उगम शोधावा, असे माझे मत आहे.

शेवटच्या गाण्यातले फाटणे घेऊ. रेकॉर्डची गती मिनिटाला ३३⅓ फेऱ्या अशी कायम असली, तरी सुईखालून चर (रेकॉर्डवर कोरलेली नागमोडी खाच) सरकण्याचा वेग कायम नसतो. बाहेरच्या कडेला, म्हणजे केंद्रापासून सुमारे १४६ मिलिमीटरवर, तो सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर असतो. आत ६० मिलिमीटरच्या आसपास तो २१ सेंटिमीटरवर येतो. याचा अर्थ १० किलोहर्ट्झची जी लहर बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, तीच आत अवघ्या २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. साध्या शंकूच्या आकाराच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन असते. एवढे बोथट टोक एवढ्या दाट वळणांत शिरू शकत नाही, ते वरच्यावर घसरत जाते, आणि त्याचा परिणाम सर्वांत आधी ‘स’कारावर दिसतो. लंबवर्तुळाकार सुईची आडवी त्रिज्या सुमारे ८ मायक्रॉन असल्यामुळे तिला हे काम सोपे जाते, आणि शिबाटा किंवा मायक्रोलाइन घडणीच्या सुया त्याहूनही बारीक वाचन करतात. यात टर्नटेबलचा काहीही संबंध नाही. तेच कार्ट्रिज कितीही उत्तम नव्या यंत्रावर लावले तरी ते शेवटच्या गाण्यात तसेच फाटेल.

त्यात सुई झिजलेली असण्याची शक्यता मिळवा. ऑडिओ-टेक्निका आपल्या सुयांसाठी जे आयुष्य सांगते, ते शंकू-सुईला सुमारे ५०० तास, लंबवर्तुळाकार सुईला ३००, शिबाटाला ८०० आणि मायक्रोलाइनला १००० तास असे आहे. एका रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटे धरली, तर ३०० तास म्हणजे ४५० रेकॉर्ड. रोज एक रेकॉर्ड ऐकणाऱ्याची सुई सव्वा वर्षात संपते. बहुतेकांच्या यंत्रावरची सुई त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते. झिजलेल्या सुईच्या बाजूंना सपाट धारा तयार होतात आणि त्या चरांच्या भिंती खरवडतात, ते नुकसान नंतर कोणतीही नवी सुई भरून काढत नाही. त्यामुळे यंत्राचे काय करायचे ते ठरेपर्यंत महिने गेले तरी चालतील, परंतु सुईचा निर्णय आजच घ्यावा.

डाव्या चॅनेलचा दोष शोधणे सर्वांत सोपे आहे. कार्ट्रिजच्या मागे चार रंगांच्या तारा असतात: पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलची, लाल आणि हिरवी उजव्याची. दोन्ही जोड्यांची अदलाबदल करून पाहावे. दोष उजवीकडे गेला तर तो कार्ट्रिजमध्ये आहे, डावीकडेच राहिला तर तो त्याच्या पुढे कुठेतरी आहे. तारा पूर्ववत लावून मग अँप्लिफायरजवळच्या प्लगांची अशीच अदलाबदल करावी. दोष बाजू बदलत असेल तर तो टर्नटेबलमध्ये, बदलत नसेल तर अँप्लिफायरमध्ये. बोट लावल्यावर आवाज परत येतो यावरून हेडशेलच्या जोडावरच्या चार पिनांवर काळपट थर चढला असावा, असा माझा अंदाज आहे.

हेलकावा आणि घरघर यांबद्दल इतरांनी लिहावे. मी नंतर भर घालीन.

खटपट्या

मंद्र यांच्याशी पूर्ण सहमत. माझा कल उघडच दुरुस्तीकडे आहे, तो लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

हेलकाव्याचा दोष यंत्राला देण्यापूर्वी रेकॉर्डची चौकशी करावी, कारण मधले छिद्र नेमके केंद्रावर नसणे ही अगदी सर्रास आढळणारी गोष्ट आहे. छिद्र अर्धा मिलिमीटर सरकलेले असले तरी आतल्या चरांवर स्वर सुमारे ०.८ टक्क्यांनी वरखाली होतो, आणि त्या काळातल्या बऱ्या यंत्राचा स्वतःचा दोष ०.१ टक्क्याच्या आत असे. म्हणजे रेकॉर्डचा दोष यंत्राच्या दोषाच्या आठपट भरतो. ओळखण्याची खूण अशी की हा हेलकावा प्रत्येक फेरीला एकदा, म्हणजे दर १.८ सेकंदांनी येतो, आणि त्याच वेळी टोनआर्मचे टोक डावीउजवीकडे डुलताना दिसते. दुसऱ्या रेकॉर्डवर तो कमीजास्त होत असेल तर यंत्र निर्दोष आहे. सगळ्या रेकॉर्डांवर सारखाच येत असेल, किंवा त्याला ठरावीक ठेका नसेल, तर पट्ट्याकडे वळावे.

रबराचा पट्टा न वापरताही म्हातारा होतो: ताणला जातो, कडक होतो, त्याची पकड जाते. सिंक्रोनस मोटरची गती विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते, त्यामुळे अशा यंत्राची गती मंद झाली असेल तर मोटर दमली असे समजण्याआधी पट्टा घसरतो आहे का ते पाहावे. नवा पट्टा घालताना पुली (मोटरवरचे चाक) आणि आतला प्लॅटर (रेकॉर्डखालच्या फिरत्या थाळीचा आतला भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, नाहीतर जुन्या रबराचा चिकट थर नव्या पट्ट्यालाही घसरवतो. (हीच बाटली घेऊन कोणी ७८च्या लाखेच्या रेकॉर्डी पुसायला जाऊ नये. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.)

यंत्र दुसऱ्या देशातून आलेले असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेली पुली ५० हर्ट्झवर चालवली, तर ३३⅓ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्या मिळतात आणि सगळे संगीत तीन श्रुतींनी नव्हे, तीन पूर्ण अर्धस्वरांनी खाली उतरते. त्यावर उपाय पुली बदलण्याचा आहे, टर्नटेबल बदलण्याचा नाही.

गती मोजण्यासाठी स्ट्रोबची कागदी चकती पुरते: ३३⅓साठी ५० हर्ट्झच्या दिव्याखाली १८० रेघांची, ६० हर्ट्झखाली २१६ रेघांची. रेघा स्थिर दिसल्या की गती बरोबर. मात्र पुष्कळ एलईडी दिवे विजेच्या तालावर लुकलुकत नाहीत, त्यामुळे जुना तंतूचा किंवा निऑनचा दिवा वापरावा.

आता एका अशा गोष्टीकडे लक्ष वेधतो जिचा विचार फारसा कोणी करत नाही. आपले यंत्र बाजूच्या अखेरीस टोनआर्म आपोआप उचलते. त्यासाठी टोनआर्म आत सरकत गेला की खालच्या एका लहान तरफेला ढकलू लागतो. त्या तरफेचे ग्रीस इतक्या वर्षांत मेणासारखे घट्ट झालेले असते. परिणामी नेमक्या शेवटच्या गाण्यात टोनआर्मला अडथळा होतो, सुई चराच्या एका भिंतीवर दाबली जाते, आणि आवाज फाटतो. म्हणजे आपल्या पहिल्या तक्रारीचे कारण सुई, तरफ किंवा दोन्ही असू शकते. जुने ग्रीस पुसून नवे अगदी थोडे लावावे. कित्येक ‘संपलेली’ स्वयंचलित यंत्रे एवढ्यानेच चालू लागतात.

शून्य डेसिबल

वरचे सगळे बरोबर असूनही मी उलट बाजू मांडतो, कारण अशा चर्चांमध्ये ती कोणी मांडत नाही.

पट्टा, तेल, ग्रीस आणि सुई यांना मी सुधारणा म्हणत नाही. ती देखभाल आहे आणि ती करायलाच हवी. धागाकर्त्यांच्या यादीतला नवा टोनआर्म आणि स्वतंत्र वीजपुरवठा ही खरी सुधारणा आहे, आणि तिच्याविषयी मला गंभीर शंका आहे. टोनआर्म बदलायचा तर नवा बसवण्यासाठी पाट कापावा लागतो, फिरण्याच्या केंद्रापासून प्लॅटरच्या केंद्रापर्यंतचे अंतर नव्याने बसवावे लागते, आणि आपल्या यंत्रात तर आतली चौकट स्प्रिंगांवर असल्यामुळे टोनआर्मचे वजन बदलले की तीनही स्प्रिंगांचा तोल पुन्हा साधावा लागतो. वर आपोआप उचलण्याची सोय बहुधा जाते ती वेगळीच. एवढे करून हाती येते ते असे यंत्र, ज्याचे सुटे भाग कोणाच्याही यादीत नाहीत आणि जे विकायला काढले तर घातलेल्या खर्चाचा थोडासाच भाग परत मिळेल.

यावर लिन सोंडेक एलपी१२ या टर्नटेबलचे उदाहरण नेहमी दिले जाते. ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून बनते आहे, आणि त्या काळातल्या यंत्रावर आजचे बेअरिंग, आजची आतली चौकट आणि आजचा वीजपुरवठा बसवता येतो. पण ते शक्य होते कारण निर्मात्यानेच टप्प्याटप्प्याने सुधारण्याची सोय मनात ठेवून तेच यंत्र चालू ठेवले. गॅरार्ड ३०१ किंवा थोरेन्स टीडी १२४ यांच्याभोवतीही सुटे भाग बनवणाऱ्यांची एक दुनिया उभी आहे. बाकीच्या शेकडो यंत्रांना तो मान नाही. त्यामुळे माझी पहिली कसोटी अशी: या यंत्रासाठी आज बेअरिंग, पट्टा आणि टोनआर्म बसवण्याची पाटी सहज मिळते का? मिळत नसेल तर देखभाल करावी, पैसे ओतू नयेत.

नवे घेताना मात्र खाली उतरू नये. सध्या बाजारात पेटीवजा स्वस्त यंत्रांचा सुळसुळाट आहे. त्यांत सिरॅमिक कार्ट्रिज असते, सुईचा दाब ठरवणारे मागचे वजन नसते, प्लॅटर हलका प्लॅस्टिकचा असतो. तक्रारी असलेले आपले जुने यंत्रसुद्धा त्यांच्यापेक्षा सरस आहे. दाब आणि अँटिस्केटिंग (टोनआर्मची आत सरकण्याची ओढ सावरणारी योजना) दोन्ही जुळवता येणारा टोनआर्म, दोन स्क्रूंमध्ये अर्धा इंच अंतर असलेली कार्ट्रिजची प्रमाणित बैठक, आणि आत फोनो प्रिअँप (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारे सर्किट) असेल तर तो बाजूला सारण्याची कळ, एवढे नसलेल्या नव्या यंत्राकडे पाहूच नये.

आणि पट्टाच हवा असा आग्रह का? टेक्निक्सने डायरेक्ट ड्राइव्हचे, म्हणजे मोटरच थेट प्लॅटर फिरवते असे, एसपी-१० १९७०मध्ये आणले, एसएल-१२०० १९७२मध्ये आले, २०१०मध्ये ते थांबले आणि २०१६मध्ये मागणीमुळे नव्या रूपात परतले. त्यात पट्टा नाही, त्यामुळे हेलकाव्याच्या एका कारणाचा प्रश्नच मिटतो.

खटपट्या

शून्य डेसिबल, डायरेक्ट ड्राइव्हही म्हातारे होतेच. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकतात, गती जुळवण्याच्या पोटेन्शिओमीटरवर मळ चढतो आणि गती डळमळू लागते. पट्टा तर कोणीही दोन मिनिटांत बदलतो, सर्किटचे तसे नाही. टोनआर्मबाबतचा आपला मुद्दा मात्र मी विनातक्रार मान्य करतो.

कानसेन

मला तांत्रिक बाबतीत फारसे कळत नाही, पण धागाकर्त्यांनी ७८चा उल्लेख ओझरता करून सोडून दिला आहे आणि पुढे कोणीही तो उचलला नाही. आपल्याकडे ७८च्या रेकॉर्डी आहेत का? असतील तर नवे यंत्र निवडताना हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो, कारण पुष्कळ नव्या यंत्रांत ३३⅓ आणि ४५ एवढ्याच गती असतात. शिवाय त्या रेकॉर्डींना वेगळी सुई लागते हे मला अनुभवाने ठाऊक आहे. एलपीच्या, म्हणजे ३३⅓च्या रेकॉर्डींच्या, सुईने वाजवले की खरखरच जास्त ऐकू येते.

दुसरे असे की वर सगळेजण कार्ट्रिज बदला म्हणत आहेत, पण कोणत्याही टोनआर्मवर कोणतेही कार्ट्रिज चालते का?

मंद्र

चालत नाही, आणि हा प्रश्न विचारला ते बरे झाले, कारण सुधारणेवरचे पैसे वाया जाण्याची ही नेहमीची जागा आहे.

सुईची दांडी लवचीक असते आणि तिच्यावर टोनआर्मचे वस्तुमान टेकलेले असते, त्यामुळे दोन्ही मिळून ठरावीक वारंवारतेला डोलू लागतात. ही वारंवारता ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावी. त्याखाली गेली तर वाकड्या रेकॉर्डींच्या हालचाली, ज्या अर्ध्या हर्ट्झपासून पाच-सहा हर्ट्झपर्यंत असतात, तिला चिथावतात, आणि स्पीकरचे मोठे पडदे आवाज नसतानाही आतबाहेर हलताना दिसतात. फार वर गेली तर ती संगीताच्या खालच्या स्वरांत मिसळते. हिशेब सोपा आहे: टोनआर्मचे परिणामी (म्हणजे सुईच्या टोकाला जाणवणारे) वस्तुमान, कार्ट्रिजचे वजन आणि स्क्रूंचे वजन यांची ग्रॅममधली बेरीज घ्यावी, तिला कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने (सुईच्या दांडीच्या लवचीकतेच्या आकड्याने) गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि १५९ला त्याने भागावे.

सुटे हेडशेल असलेल्या जुन्या टोनआर्मचे परिणामी वस्तुमान १६ ग्रॅम धरू. त्यावर ऑर्टोफॉनचे २एम रेड लावले, ज्याचे वजन ७.२ ग्रॅम आणि कंप्लायन्स २० आहे, तर स्क्रू धरून २४ ग्रॅम होतात आणि उत्तर ७.३ हर्ट्झच्या आसपास येते. थोडे खाली, पण चालण्यासारखे. त्याच टोनआर्मवर ३५ कंप्लायन्सचे जुने मऊ कार्ट्रिज लावले तर उत्तर ५.५ हर्ट्झ येते, म्हणजे थेट वाकड्या रेकॉर्डींच्या टापूत. उलट १२ कंप्लायन्सचे किंचित ताठ कार्ट्रिज ९.४ हर्ट्झ देते. म्हणून भारी टोनआर्मला ताठ कार्ट्रिज आणि हलक्याला मऊ. एक सावधगिरी मात्र बाळगावी: काही जपानी निर्माते कंप्लायन्स १०० हर्ट्झवर मोजून देतात. हिशेबासाठी १० हर्ट्झवरचा आकडा लागतो, जो त्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतो.

कार्ट्रिज निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी. शूरने २०१८मध्ये कार्ट्रिज बनवणे थांबवले, त्यामुळे त्यांच्या जुन्या कार्ट्रिजांना मूळ सुया मिळणे अवघड झाले. जपानची जिको कंपनी त्यांच्यासाठी सुया बनवते म्हणून निभावते. नव्या कार्ट्रिजात अशी वेळ येऊ नये म्हणून ज्याची सुईच तेवढी बदलून वरच्या दर्जाला जाता येते असे घ्यावे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत शंकूपासून शिबाटापर्यंतच्या सगळ्या सुया एकाच अंगावर बसतात. ऑर्टोफॉनमध्ये २एम रेडवर ब्लूची सुई बसते, पण ब्राँझ किंवा ब्लॅकची नाही.

कानसेन यांचा ७८चा मुद्दा तर फार महत्त्वाचा आहे. त्या रेकॉर्डींचे चर रुंद असतात आणि त्यांना साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीची सुई त्या चराच्या तळाशी, गाळात लोळत जाते. म्हणून ती खरखर.

राहता राहिली घरघर. ती तीन पायऱ्यांनी शोधावी. सुई उचललेली असताना आवाज येत असेल तर तो विजेचा आहे. अर्थिंगची तार पाहावी. पट्टा काढून, मोटर चालू ठेवून, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवली आणि आवाज आला तर मोटरची थरथर चौकटीतून पोहोचते आहे. पहिल्या दोन्हींत शांतता असून पट्टा लावल्यावरच घरघर येत असेल तर संशय प्लॅटरच्या बेअरिंगवर. त्यात जुने तेल सुकले असेल तर ते पुसून निर्मात्याने सांगितलेले तेल घालावे. नंतर आतली चौकट हाताने घट्ट धरून, नाहीतर स्प्रिंगांचेच डुलणे फसवते, प्लॅटरची कड हलकेच दाबून पाहावी. ज्यावर प्लॅटर फिरतो ती खुंटी बाजूला हलते असे जाणवले तर आतली धातूची नळी झिजली आहे.

टोनआर्मही तपासावा. दाब शून्य, अँटिस्केटिंग शून्य करून तो तरंगता ठेवावा आणि फुंकर मारावी. तो कुठेही न अडखळता सरकला पाहिजे. मग हेडशेल धरून मागेपुढे अगदी हळू हलवावे. खटका जाणवला तर त्याची बेअरिंगे सैल आहेत.

माझ्या लेखी सगळा निर्णय प्लॅटरचे बेअरिंग आणि टोनआर्मचे बेअरिंग या दोन जागांवर येऊन थांबतो. ती दोन्ही शाबूत असतील तर यंत्र कितीही जुने असो, ते ठेवावे. बाकी सगळे बदलता येते.

जुनी तबकडी

सर्वांचे मनापासून आभार. सुचवलेल्या चाचण्या करून पाहिल्या, त्यांचे निष्कर्ष देतो.

डाव्या चॅनेलचा दोष हेडशेलच्या पिनांवरच होता आणि त्या स्वच्छ केल्यावर तो परत आलेला नाही. हेलकाव्याचे दोन भाग निघाले: काही रेकॉर्डींवर तो स्पष्टपणे फेरीला एकदा येतो आणि टोनआर्म डुलतो, म्हणजे त्यांचे छिद्रच सरकलेले आहे; उरलेला बेतालपणा नव्या पट्ट्याने गेला आणि स्ट्रोबच्या रेघा आता स्थिर दिसतात. टोनआर्म फुंकरेने सरकतो, त्याला खटका नाही, मात्र शेवटच्या इंचभरात तो अडखळत होता. खटपट्या यांनी सांगितल्याप्रमाणे तरफेवरचे ग्रीस पिवळ्या मेणासारखे झालेले होते. ते काढल्यावर फाटणे कमी झाले, पण गेले नाही. भिंगातून सुई पाहिली तर तिच्या दोन्ही बाजूंना चकाकणारे सपाट ठिपके दिसले.

घरघर मात्र तिसऱ्या पायरीवर सापडली. बेअरिंग साफ करून नवे तेल घातल्यावर ती काहीशी मंदावली, तरी चौकट धरून प्लॅटर दाबला की खुंटी बाजूला हलल्याचे हाताला कळते.

७८च्या रेकॉर्डी माझ्याकडे आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच १९२५पूर्वीच्या, म्हणजे भोंग्यासमोर गाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या आहेत. म्हणून जुने यंत्र टाकणे जड जाते.

खटपट्या

नळी झिजली असली तरी लेथवर नवी काढून घेता येते. काशाची नळी, खुंटीच्या मापाची. मी तरी तोच मार्ग धरला असता.

शून्य डेसिबल

ती नळी खुंटीच्या मापाला शंभरावा भाग मिलिमीटरपर्यंत नेमकी बसली पाहिजे, आणि खुंटी स्वतः झिजली असेल तर तिलाही घासून गुळगुळीत करावे लागेल. उत्तम कारागीर हाताशी असेल तर जरूर करावे. नसेल तर एका घरघरीच्या जागी दुसरी यायची. एलपी ऐकण्यासाठी मी या यंत्रात आणखी काही घालणार नाही. नवी सुई हवीच आहे, तर व्हीएम९५सारखे कार्ट्रिज आत्ताच घ्यावे, ते आज या यंत्रावर वाजवावे आणि उद्या जसेच्या तसे नव्या यंत्रावर न्यावे. त्यात काहीच वाया जात नाही.

मंद्र

शून्य डेसिबल यांच्याशी येथे सहमत आहे, आणि जुने यंत्र टाकण्याचीही गरज नाही. ते ७८साठी ठेवावे.

कारण असे की झिजलेल्या बेअरिंगची घरघर एलपीला जितकी बाधते तितकी ७८ला बाधत नाही. ७८च्या बहुतेक रेकॉर्डींच्या चरांत संगीत केवळ आडव्या दिशेने कोरलेले असते, त्यामुळे दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐकले की उभ्या दिशेची सगळी थरथर आपोआप रद्द होते. आडवी थरथर उरते, परंतु १९२५पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांत १०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच नसते. तेव्हा तेवढा भाग गाळणीने कापला तरी गाणे जागचे हलत नाही आणि घरघर निघून जाते. सुटे हेडशेल असल्याचा येथे खरा फायदा आहे: एका हेडशेलवर रुंद टोकाची सुई कायमची लावून ठेवावी. फोनो प्रिअँपमध्ये इक्वलायझेशन (रेकॉर्ड कोरताना बदललेला उंच-खालच्या स्वरांचा तोल पूर्ववत करणे) बदलण्याची सोय असेल तर आणखी चांगले, कारण त्याचे आजचे प्रमाण, आरआयएए वक्र, १९५४चे आहे आणि या रेकॉर्डी त्याच्या कितीतरी आधीच्या.

नव्या यंत्रावर कार्ट्रिज बसवताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. कार्ट्रिज चरांशी जुळवण्याच्या बेअरवाल्डच्या भूमितीत कोनातली चूक शून्य होते ती स्थाने केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात, स्टीव्हन्सनच्या भूमितीत ६०.३ आणि ११७.४वर. ज्याला शेवटच्या गाण्याचाच त्रास अधिक होतो त्याने दुसरी वापरून पाहावी. आणि प्रिअँपची कपॅसिटन्स (विद्युतधारिता) तपासावी: व्हीएम९५ला केबल धरून १०० ते २०० पिकोफॅरड पुरतात. केबल लांब असेल तर हा आकडा नकळत ओलांडला जातो, आणि मग वरच्या पट्टीत जो तिखटपणा येतो त्याचा दोष लोक कार्ट्रिजला देतात.

जुनी तबकडी

ठरले. कार्ट्रिज मागवले आहे आणि ते सुट्या हेडशेलवर बसवून आधी जुन्या यंत्रावर ऐकेन. नव्या यंत्रात ७८ची गती शोधण्याची गरज उरली नसल्यामुळे निवड बरीच सोपी झाली आहे. पट्ट्याचे की डायरेक्ट ड्राइव्ह, हे मात्र दोन्ही ऐकल्यावरच ठरवेन. शून्य डेसिबल, आपण सुचवलेल्या यंत्राच्या टोनआर्मचे परिणामी वस्तुमान किती आहे?

शून्य डेसिबल

एसएल-१२००चे हेडशेल धरून सुमारे १२ ग्रॅम. व्हीएम९५चे वजन ६.१ ग्रॅम आहे. कंप्लायन्सचा आकडा निर्माता १०० हर्ट्झवर देतो, तेव्हा मंद्र यांनी सांगितलेली दुरुस्ती करून मगच हिशेब मांडावा.